४६२ फूट

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीनचार जणांनी मला एकच विचारलंय, ताई न्यू जर्सीत आता लीगल आहे ना, मग गांजाच्या दुकानाचं लायसन्स काढायला कितीसा वेळ लागतो, आम्ही पण टाकावं म्हणतोय. प्रत्येकाला फोनवर तासतासभर सांगून झालं, आता लिहूनच काढते. आधीच सांगते, राज्याचं लायसन्स हा त्यातला सोपा भाग होता. आमचं सगळं अडलं ते टाउनमध्ये, म्हणजे घरापासून सात मिनिटांवरच्या त्या म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये जिथे मी एरवी कुत्र्याचं लायसन्स रिन्यू करायला आणि प्रॉपर्टी टॅक्स भरायला जाते.

थोडं मागचं सांगायला पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये गांजा लीगल करावा का यावर इथे मतदान झालं आणि दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गव्हर्नर मर्फींनी कायद्यावर सही केली. पण त्या कायद्यात गावांना, म्हणजे टाउन, बरो, सिटी जे काय असेल त्यांना, १८० दिवस दिले होते, २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत, की तुमच्या हद्दीत हा धंदा नको असेल तर तसा ऑर्डिनन्स, म्हणजे गावाचा कायदा, करा. नाही केला तर पुढची पाच वर्षं तुम्हाला बंदी घालता येणार नाही. आणि आधी बंदी घातलीत तर ती मात्र कधीही उठवता येईल. आता अशी अट असेल तर कुठलं टाउन काय करेल ते कुणीही सांगेल. आधी नाही म्हणून ठेवू, मग बघू. बहुतेक गावांनी तेच केलं, आमच्याही. ज्या गावात मतदानाला लोकांनी भरभरून हो म्हटलं होतं त्याच गावात नऊ महिन्यांनी कौन्सिलने नाही म्हटलं. मला तेव्हा राग आला होता, नंतर कौन्सिलवरच्या एका बाईंशी बोलले तेव्हा कळलं की त्यांच्याही हातात तेव्हा काहीच नव्हतं, राज्याचे नियम पूर्ण लिहून झालेले नव्हते आणि पाच वर्षांसाठी हात बांधून घ्यायला त्या तयार नव्हत्या. ते मला पटलं.

पुढच्या वर्षी कौन्सिलने विचार बदलला. कारण दुकानाच्या विक्रीवर टाउनला दोन टक्क्यांपर्यंत स्वतःचा टॅक्स लावता येतो, आणि घरपोच डिलिव्हरी तर टाउन थांबवूच शकत नाही, म्हणजे माल गावात येणारच, टॅक्स मात्र शेजारच्या गावाला. कौन्सिलसमोर दोन रीडिंग म्हणजे दोनदा वाचन झालं, दुसऱ्याला लोकांचं म्हणणं ऐकलं, आणि दोन रिटेल दुकानांना परवानगी देणारा ऑर्डिनन्स पास झाला. आम्ही त्या दुसऱ्या रीडिंगला मागच्या रांगेत बसलो होतो, मी आणि माझी पार्टनर.

पार्टनरबद्दल सांगते. आम्ही दोघी एका फार्मसीच्या बिलिंगमध्ये अकरा वर्षं शेजारी बसलोय. मी सांगलीची, ती इथल्याच नूअर्क शहरातली, ब्लॅक. तिच्या विशीत तिच्यावर गांजा बाळगल्याच्या दोन केसेस झाल्या होत्या, अगदी थोडासा माल, पण त्यापायी तिला नर्सिंगचं कॉलेज सोडावं लागलं आणि भाड्याने घर घेताना दरवेळी ते रेकॉर्ड समोर यायचं. २०२१ मध्ये नव्या कायद्याने इथल्या कोर्टांनी अशा साडेतीन लाखांहून जास्त केसेस आपणहून पुसून टाकल्या, त्यात तिच्याही गेल्या. ज्या गोष्टीपायी तिची वीस वर्षं अशी गेली तीच गोष्ट आता सूट घातलेले लोक काचेच्या दुकानात विकणार, आणि तिने नुसतं बघायचं? ती एकदा लंच करताना म्हणाली की मला हे करायचंय, तू हिशोब सांभाळशील का. राज्याच्या नियमात अशा केसेस भोगलेल्या लोकांच्या धंद्याला प्राधान्य आहे, सोशल इक्विटी म्हणतात त्याला. ५१ टक्के तिचे, ४९ माझे असं ठरलं.

आईला सांगलीला फोन करून सांगितलं तर ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं हळदीच्या शेतात दोन झाडं सापडली तर हितं पोलिस माणसाला बांधून नेतात आणि तू दुकान काढतीस?" मी तिला सांगितलं की उत्तरेकडे सरकारी परवान्याची भांगेची दुकानं असतात ना, तसं समज, इथल्या सरकारनेच नियम केलेत. "ते महादेवाचं असतंय," म्हणाली. मग म्हणाली की जावईबापूंना काय वाटतंय ते बघ आधी.

जावईबापूंचाच तर मोठा प्रश्न होता आणि हा भाग ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनी नीट वाचा. मी सिटिझन झाले आठ वर्षांपूर्वी. नवरा अजून ग्रीन कार्डवर, त्याला भारतीय पासपोर्ट सोडायचा नव्हता, गावाकडची शेती वगैरे, आता कुठे तो अर्ज करायचं म्हणत होता. राज्यात काहीही लीगल असो, फेडरल कायद्यात गांजा गुन्हाच आहे, आणि इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट लिहूनच ठेवलंय की राज्याच्या कायद्याने चालणाऱ्या धंद्यात नोकरी जरी केली तरी सिटिझनशिपला लागणारं 'गुड मॉरल कॅरेक्टर' अडचणीत येऊ शकतं. आमच्या इमिग्रेशन वकिलाने सांगितलं की त्याचं नाव कुठेच नको. मालक म्हणून नको, गॅरंटर म्हणून नको, तात्पुरता कामगार म्हणून नको, जॉइंट अकाउंटमधून पैसे जायला नकोत, आणि दुकानात येऊन एक खोकं सुद्धा उचलायला नको. मी माझ्या पगाराचं वेगळं अकाउंट काढलं, माझी रिटायरमेंटची रक्कम दंड भरून मोडली, त्याच्या सह्या घेऊन वकिलाने कागद केले की या पैशाशी त्याचा संबंध नाही. एचवनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, किंवा ग्रीन कार्डवर असाल आणि कुणी पार्टनर हो म्हणत असेल तर आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, गांजाचा वकील नाही, दोघं वेगळे असतात आणि दुसऱ्याला पहिल्याचं काही माहीत नसतं हे मी अनुभवाने सांगते.

राज्याचं काम त्या मानाने लवकर झालं. इथे सीआरसी म्हणजे कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन सगळं बघतं, लायसन्सचे सहा क्लास आहेत, शेती, प्रोसेसिंग, होलसेल, वाहतूक, दुकान, डिलिव्हरी, दुकान म्हणजे क्लास ५. लहान लोकांसाठी कंडिशनल लायसन्स नावाची सोय आहे, उत्पन्नाची मर्यादा असते, एकट्याचं दोन लाख आणि नवराबायकोचं मिळून चार लाख डॉलरच्या आत, आणि त्यावेळी जागा दाखवावी लागत नाही. आम्ही ते भरलं आणि २०२२ च्या शेवटी त्यांच्या मीटिंगमध्ये मंजूर झालं, आम्ही दोघी ऑफिसच्या ब्रेक रूममध्ये फोनवर ऐकत होतो, ती रडली, मी पण. आता अर्धं झालं असं वाटलं. खरं तर तिथून घड्याळ सुरू झालं, कारण कंडिशनलचं पक्कं वार्षिक लायसन्स करायला मुदत असते, मुळात १२० दिवस, नंतर कमिशनने स्वतःच वाढवली कारण कुणालाच जमत नव्हतं. आणि ते पक्कं करायला काय लागतं तर जागेचा ताबा, टाउनचं झोनिंग अप्रूव्हल, म्हणजे त्या जागेवर असं दुकान चालेल अशी मंजुरी, आणि टाउनच्या कौन्सिलचं पाठिंब्याचं रेझोल्यूशन म्हणजे ठराव. म्हणजे तिन्ही गोष्टी टाउनच्या दारात.

जागा शोधायला बसलो तेव्हा ऑर्डिनन्सचा खरा अर्थ कळला. दुकान फक्त हायवे कमर्शियल झोनमध्ये, शाळेपासून १००० फूट, प्रार्थनास्थळापासून ५०० फूट, डेकेअरपासून ५०० फूट. हे वाचायला काही वाटत नाही. टाउनच्या इंजिनिअरिंग ऑफिसातून नकाशा आणला आणि मुलीच्या कंपासने गोल काढत बसलो, एकेक गोल काढला की हायवेचा एकेक तुकडा खाल्ला जायचा. शेवटी जे उरलं त्यात एक पेट्रोल पंप, दोन कार डीलर, एक गोदाम आणि पाच दुकानांची एक पट्टी. बस. सगळ्या टाउनमध्ये एवढंच. त्यातल्या निम्म्या मालकांनी नकार दिला कारण त्यांचं मॉर्गेज फेडरल नियमांखालच्या बँकेकडे, आणि बँक भाडेकरू कोण आहे ते बघते. राहिलेल्या मालकांना माहीत असतं की तुम्हाला दुसरीकडे जाताच येत नाही. शेजारच्या नेल सलूनला जे भाडं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट आम्हाला सांगितलं. महिना नऊ हजार डॉलर, पहिले सहा महिने निम्मं, मग पूर्ण, दुकान उघडो न उघडो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सही केली.

आणि मग सर्व्हेअरने मोजलं. त्या पट्टीच्या मागच्या रस्त्याला एका जुन्या गोदामात आपलंच एक देऊळ आहे, न्यू जर्सीत असतात तशी, बाहेरून गोदाम, आत संगमरवर. आम्ही दारापासून दारापर्यंत चालत मोजलं होतं, सातशेच्या वर भरत होतं, म्हणून निर्धास्त होतो. ऑर्डिनन्समध्ये मात्र मोजायचं होतं प्रॉपर्टी लाइनपासून प्रॉपर्टी लाइनपर्यंत, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून हद्दीपर्यंत, सरळ रेषेत. ४६२ फूट. ३८ फूट कमी. चूक आमची होती, सही करायच्या आधी सर्व्हेअर बोलवायला पाहिजे होता, ते दीड हजार डॉलर वाचवायला गेलो.

त्या ३८ फुटांनी सगळी वाटच बदलली. अट पूर्ण बसली असती तर साधं प्लॅनिंग बोर्ड, साधं बहुमत. अट मोडते म्हटल्यावर झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट, तिथे व्हेरियन्स, म्हणजे अटीतून सूट, मागायचा, आणि न्यू जर्सीच्या कायद्यात या प्रकारच्या व्हेरियन्सला सातपैकी पाच मतं लागतात. चार हो आणि तीन नाही आले तरी तुम्ही हरलात. सिद्ध काय करायचं तर अट मोडली तरी ही जागा या वापराला योग्यच आहे. कंपनी असल्यामुळे स्वतः उभं राहून बोलता येत नाही, वकीलच लागतो. वकील, आर्किटेक्ट, ट्रॅफिक इंजिनिअर, प्रोफेशनल प्लॅनर, चौघांना शपथेवर साक्ष द्यायला आणायचं. त्यात टाउनचा इंजिनिअर आणि टाउनचा प्लॅनर तुमची फाइल तपासणार आणि त्यांच्या तासांचं बिल पण तुमच्याच एस्क्रोमधून, म्हणजे टाउनकडे आधी जमा केलेल्या पैशांतून, जाणार, एस्क्रो संपला की पत्र येतं, भरा नाहीतर हिअरिंग पुढे. याचं मी वाईट म्हणत नाही, बाकी गावकऱ्यांच्या टॅक्समधून आमची फाइल का तपासावी. पण हे पैसे लागतात हे आधी कुणी सांगत नाही.

दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक प्रॉपर्टीच्या मालकाला हिअरिंगच्या किमान दहा दिवस आधी नोटीस गेली पाहिजे, आणि पेपरात पण छापली पाहिजे. टाउनमधून यादी मिळते, आमची ३१ नावं होती, सर्टिफाइड मेल, प्रत्येकाची पावती जपायची. त्यात एक जरी चुकलं तर सगळं हिअरिंग रद्द होऊ शकतं म्हणून मी पोस्टात उभी राहून एकेक पाकीट स्वतः चिकटवलं. देऊळ दोनशे फुटांच्या बाहेर होतं, त्यांना नोटीस द्यायची कायद्याने गरज नव्हती. मी पार्टनरला म्हटलं की कागदाने गरज नसली तरी मी त्यांना सांगितल्याशिवाय हिअरिंगला जाणार नाही, कारण त्या देवळाच्या खालच्या हॉलमध्ये रविवारी मराठी शाळा भरते आणि माझी मुलगी तिथे सात वर्षं शिकली आहे. ग म भ न तिथेच गिरवलं तिने. शाळा चालवणारे काका आमच्या अमेरिकेतल्या पहिल्या गणपतीपासून ओळखीचे, माझ्या बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू करून आणले होते.

मी काकांच्या घरी गेले, सगळं सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा झाला, आणि म्हणाले, "तू आधी येऊन सांगितलंस ते बरं केलंस. पण मी हिअरिंगला येऊन विरोध करणार. तुझ्याशी वैर नाही माझं." मी म्हटलं काका तुमचा हक्कच आहे. घरी येताना गाडीत मला फार एकटं वाटलं.

पहिलं हिअरिंग मे महिन्यात, संध्याकाळी साडेसातला. कोर्टरूमच ती, दिवसा ट्रॅफिक तिकिटं आणि रात्री झोनिंग. आमच्या आधी एकाचं डेक आणि एकाचं कुंपण होतं, कुंपणावरच पाऊण तास. आमचा नंबर आला नऊला. आर्किटेक्टने नकाशे लावले, बाहेरून आतला माल दिसणार नाही, आत कुणी ओढू शकणार नाही, दारातच आयडी बघणार, २१ च्या खालचा कुणी आत येणार नाही, एका वेळी एका माणसाला जास्तीत जास्त एक औंस. ट्रॅफिकवाल्याने तासाला किती गाड्या ते सांगितलं. बोर्डावरच्या एका सदस्याने वासाबद्दल विचारलं तर लक्षात आलं की त्याला वाटत होतं आम्ही मागे झाडं लावणार आहोत. मग क्लास १ आणि क्लास ५ मधला फरक समजावला, दुकानात सगळं सीलबंद पाकिटातच येतं हे सांगितलं. साडेदहाला चेअरमन म्हणाले आज इथेच थांबू, पुढची तारीख जून. एक महिना म्हणजे नऊ हजारातलं साडेचार हजार, त्यावेळी अजून निम्मं भाडं चालू होतं.

जूनच्या हिअरिंगला खोली भरली होती. अर्ध्याहून जास्त आपले लोक. कुडते, साड्या, काही बायका थेट देवळातून आलेल्या, कपाळाला कुंकू. मी त्यांच्यातल्या निम्म्यांना नावाने ओळखत होते आणि माझ्याशी नजर मिळवायला कुणालाच जमत नव्हतं, मलाही नाही. पब्लिक पोर्शन, म्हणजे लोकांनी बोलायचा भाग, सुरू झालं, प्रत्येकाने उजवा हात वर करून शपथ घ्यायची, नाव पत्ता सांगायचा. एका गुजराती भाभींनी डेकेअरचा प्रश्न काढला. एक गोरे गृहस्थ म्हणाले की माझ्या बायकोच्या केमोच्या वेळी मला ५० मिनिटं गाडी चालवत जावं लागायचं, इथे दुकान असतं तर बरं झालं असतं, आणि ते बोलून लगेच निघून गेले. मग काका उठले.

काका इंग्रजीत बोलले पण बोलणं मराठीच होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, देवाधर्माचं एक वाक्य काढलं नाही. म्हणाले की दर रविवारी दहा ते साडेबारा ६४ मुलं त्या हॉलमध्ये येतात, त्यातली मोठी मुलं मधल्या सुट्टीत चालत त्याच पट्टीतल्या बेगलच्या दुकानात जातात, मागच्या पार्किंगमधून. ऑर्डिनन्समध्ये शाळेसाठी १००० फूट लिहिलंय, आमची शाळा शाळा नाही का? आमच्या वकिलाने उत्तर दिलं ते कायद्याने बरोबर होतं, की ऑर्डिनन्समधली शाळा म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्याकडे नोंदलेली शाळा, रविवारचा वर्ग त्यात येत नाही. ते ऐकताना माझ्या पोटात कालवलं. माझ्या मुलीची शाळा शाळा नाही हे सांगायला मी तासाला साडेचारशे डॉलर देत होते.

मी वकिलाच्या बाहीला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, पाच मिनिटं मागितली. पार्टनर पण आली. मी म्हटलं की रविवारी सकाळी आपण उघडायचंच नाही. वकील म्हणाला रविवार दुपारपर्यंतचा धंदा सोडताय, मागितलेलं नसताना देऊ नका, आधी मतांचा अंदाज घेऊ. पार्टनर त्याच्याकडे बघून म्हणाली की मी ज्या वस्तीत वाढले तिथे मुलांच्या वाटेवर काय उभं आहे याचा विचार कधी कुणी केलाच नाही, मला तशी दुकानदार व्हायचं नाही. तिथेच ठरलं. रविवारी दुपारी दीडच्या आधी उघडणार नाही, मागच्या पार्किंगकडचं दार फक्त मालाच्या गाडीसाठी, गिऱ्हाईक पुढूनच, आणि रविवारी पुढच्या फुटपाथवर आमचा माणूस उभा. वकिलाने आत जाऊन या अटी अर्जदार आपणहून स्वीकारतोय म्हणून रेकॉर्डवर घातल्या, बोर्डाच्या सेक्रेटरीने परत वाचून दाखवल्या.

मतदान एकेकाचं नाव घेऊन होतं. हो, हो, नाही, हो, हो, नाही. सहावं मत होईपर्यंत चार झाले होते. शेवटचं चेअरमनचं. ते म्हणाले की मला हा धंदा पसंत नाही, पण माझी पसंती हा इथे प्रश्न नाही, जागा हायवेवर आहे, पार्किंग आहे, आणि जो मुद्दा मला अडत होता त्यावर अर्जदाराने उत्तर दिलंय. हो. पाच दोन. त्या अटी आम्ही दिल्या नसत्या तर ते पाचवं मत आलं नसतं असं मला आजही वाटतं, म्हणजे काकांच्या विरोधामुळेच आमचं काम झालं.

पुढचं भराभर सांगते कारण ते सगळीकडे सारखंच असतं. बोर्डाचं लेखी रेझोल्यूशन जुलैमध्ये, त्याची नोटीस पेपरात छापल्यापासून ४५ दिवस कुणीही कोर्टात जाऊ शकतं, तोवर बांधकामाला हात लावायचा धीर होत नाही. कुणी गेलं नाही. मग कौन्सिलचं पाठिंब्याचं रेझोल्यूशन, मग ऑक्टोबरमध्ये सीआरसीकडे फाइल, बोटांचे ठसे, बॅकग्राउंड चेक, प्रत्येक डॉलर कुठून आला त्याचे कागद. पार्टनरच्या पुसलेल्या केसेसचे जुने कागद कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून शोधून आणावे लागले, जे विसरायचं होतं तेच प्राधान्यासाठी पुराव्याला लावायचं, ती त्या दिवशी दिवसभर बोलली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी. मग तिजोरीची खोली, कॅमेरे, अलार्म, मेट्रक नावाच्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक पाकिटाचा टॅग, राज्याची इन्स्पेक्शन, टाउनची फायर इन्स्पेक्शन. मोठ्या बँका अकाउंट देत नाहीत, एका लहान बँकेत मिळालं, दर महिन्याला त्यांच्या तपासणीची वेगळी फी. आणि फेडरल टॅक्सचं २८०ई कलम, १९८२ सालचं, मालाची खरेदी सोडून भाडं पगार वीज काहीच खर्च म्हणून वजा करू देत नाही. राज्याने २०२३ मध्ये आपल्या टॅक्सपुरतं ते काढलं, फेडरलचं तसंच आहे. मी हिशोबाची बाई आहे, दुकानाच्या वहीत तोटा दिसत असतानाही टॅक्स भरावा लागतो हे मला पहिल्या वर्षी पचलंच नाही.

जून २०२४ मध्ये दार उघडलं. सही केल्यापासून १७ महिने. त्या १७ महिन्यांचं नुसतं भाडं १ लाख २६ हजार डॉलर, एकही पाकीट न विकता. माझं यावर ठाम म्हणणं आहे आणि मी कौन्सिलच्या मीटिंगला उभी राहून ते बोलले पण आहे. गावाला नाही म्हणायचा हक्क असलाच पाहिजे, कुठे आणि किती ते पण गावानेच ठरवावं. पण नकाशावर पाचदहा प्लॉटच उरतील असे गोल काढायचे, आणि मग अर्जदाराने जागा आधी ताब्यात घेतलीच पाहिजे अशी अट घालायची, तर ज्याच्याकडे दीड वर्ष रिकाम्या दुकानाचं भाडं भरायला पैसे आहेत तोच टिकतो. पार्टनरसारख्या लोकांसाठी राज्याने प्राधान्य लिहिलं आणि ते टाउनच्या दारात भाड्यात वाहून गेलं. आमच्याबरोबर कंडिशनल मिळालेल्या ज्या दोन बायकांशी आमची ओळख झाली होती त्या दोघींनीही वाटेतच सोडून दिलं, एकीने घर गहाण टाकलं होतं. टाउनने आधी फाइल तपासावी, तत्त्वतः हो की नाही सांगावं, मग जागेची मुदत द्यावी. आणि प्रत्येक जागेचं अंतर टाउनच्याच सर्व्हेअरने एकदा मोजून नकाशावर छापून टाकावं म्हणजे दुसऱ्या कुणाचे ३८ फूट जायचे नाहीत. हे शेवटचं त्यांनी मान्य केलंय, नकाशाचं काम चालू आहे.

रविवारी मी बाराला दुकानात जाते, शटर बंद ठेवूनच हिशोब करते. साडेबाराला शाळा सुटते, मुलं बेगल घ्यायला पट्टीत येतात, काचेपलीकडून त्यांचा मराठी इंग्रजी कालवा ऐकू येतो. काका बोलतात माझ्याशी, पूर्वीसारखं नाही, पण यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाच्या हिशोबाला त्यांनी मलाच बोलावलं आणि मी गेले. दुकानाची देणगी मात्र घेणार नाही म्हणाले. मी माझ्या पगारातून दिली.

नवऱ्याचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. त्याने दुकान आतून बघितलेलं नाही, फोटो सुद्धा मी त्याच्या फोनवर पाठवत नाही. रात्री दहाला बंद करते तेव्हा तो हायवेच्या पलीकडे डंकिन कॉफीशॉपच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसलेला असतो, मी सिग्नलला रस्ता क्रॉस करून त्याच्याकडे जाते.